गोधडी

जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक रचून हाताच्या धावदोऱ्याने शिवलेले अंथरूण-पांघरूण. कोल्हापूर-सांगलीकडे हिला वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलासाठी शिवलेली लहान गोधडी म्हणजे दुपटे. घरातले कापड शेवटच्या धाग्यापर्यंत वापरण्याची जी पद्धत मराठी बायकांनी बसवली, तिचा गोधडी हा सर्वांत मोठा टप्पा आहे.

मुख्य कच्चा माल लुगड्याचा. नऊवारी लुगडे सुमारे 8.2 मीटर लांब असते. त्याच्या चार घड्या घातल्या की 2 मीटरांहून थोडा लांब, चार पदरी पट्टा होतो आणि माणसाला पाय पसरून झोपायला तो पुरतो. दोघांची गोधडी करायची तर शेजारी दुसरे लुगडे जोडतात. पण लुगडे थेट गोधडीत जात नाही. उठण्या-बसण्याने आधी त्याचा मधला भाग विरतो. तो कापून काढायचा, उरलेले दोन तुकडे दंड घालून जोडायचे आणि ते पुन्हा नेसायचे. मग शेतात, गोठ्यात नेसायचे जुनेर म्हणून ते चालते. त्यातही टिकलेले धड कापड गोधडीला, मऊ तुकडे बाळोत्यांना आणि उरलेल्या चिंध्या पोतेऱ्याला. जरीकाठी किंवा बऱ्या अवस्थेतले कापड बोहारणीकडे जाई आणि त्या बदल्यात घरात भांडे येई. गोधडीच्या वाट्याला तिने नाकारलेले कापड येई.

शिवणकाम सुगी उरकल्यावर, पावसाळ्याआधी निघते. स्वच्छ सारवलेल्या जमिनीवर खालचे पांघरूण ताणून पसरतात आणि कोपऱ्यांवर वजन ठेवतात. त्यावर थर लावताना खरे कसब लागते: एका तुकड्याचे भोक दुसऱ्याच्या धड भागाखाली आले पाहिजे, नाहीतर तिथे गोधडी पातळ पडते. वर सर्वांत चांगले लुगडे, काठ बाहेरच्या बाजूला. आधी लांब टाके घालून थर पक्के करतात आणि मग कडेपासून आत येत येत, चौकटीत चौकट, बोटभर अंतराने धावदोरा घालतात. टाका सर्व थरांतून आरपार गेलाच पाहिजे. तो वरच्यावर राहिला तर पहिल्याच धुण्यात आतले कापड गोळा होऊन एका कोपऱ्यात जाते. चार बाजूंना चार बायका बसल्या की काम भराभर सरकते, म्हणूनच शेजारणी एकमेकींच्या गोधडीला हात लावत आल्या आहेत. या श्रमांना कधी मजुरी मिळाली नाही आणि घरखर्चाच्या हिशेबातही ते धरले गेले नाहीत. हा अन्याय नोंदवायलाच हवा.

जुनेच कापड वापरण्याचे कारण केवळ काटकसर नव्हे. अनेक धुण्यांनी सुताची खळ आणि कडकपणा गेलेला असतो; सुई सहज आत जाते, रंग जात नाही, कापड अंगाला टोचत नाही. थरांमध्ये हवा अडकल्याने ऊब धरून राहते आणि सूत घाम शोषते. गोधडी झिजली तरी फेकत नाहीत. तिला वरून नवे जुनेर घालून पुन्हा शिवतात आणि जुनी गोधडी नवीच्या पोटात राहते. दसऱ्याआधी घरातल्या साऱ्या गोधड्या नदीवर नेऊन आपटून धुण्याचा प्रघात खेड्यांत आहे. ओली गोधडी इतकी जड होते की पिळायला दोघीजणी लागतात.

ठिकठिकाणी हिची भावंडे आहेत. बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी, उत्तर कर्नाटकातील कौदी आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी बायकांच्या रंगीत ठिगळांच्या गोधड्या याच कुळातल्या. कांथ्यासाठी तर जुन्या साड्यांच्या काठांतून ओढून काढलेला रंगीत दोराच वापरला जाई.

नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्या घरोघर पोचल्या तेव्हा गोधडीचा खरा आधार गेला. हे कापड विरत नाही, पण घामही शोषत नाही. थर एकमेकांवरून घसरतात आणि टाका धरत नाही. शहरांत आज नव्या कापडाच्या, यंत्रावर शिवलेल्या रजया गोधडी या नावाने विकल्या जातात. त्या देखण्या असतात, पण जुन्या कापडाला दुसरा जन्म देण्याचे गोधडीचे मूळ काम त्यांच्यात होत नाही. गोधडी शिवून देणारे कारागीर अजूनही आहेत. त्यांच्याकडे देताना सुती साड्या, धोतरे, चादरी वेगळ्या काढून, धुऊन, कडक उन्हात वाळवून द्याव्यात. कृत्रिम धाग्याचे कापड एखाद्या थरातही मिसळू नये.