निमगोरा : दप्तरातला रंग

‘निमगोरा’ हे विशेषण आज बोलण्यात क्वचितच ऐकू येत असले, तरी बेपत्ता व्यक्तींविषयी पोलीस वर्तमानपत्रांत जी निवेदने देतात त्यांत ‘रंग निमगोरा, बांधा मध्यम, चेहरा उभट, नाक सरळ’ अशा ठरीव वळणाच्या वर्णनात ते अजून टिकून आहे. फारसीतील ‘नीम’, म्हणजे अर्धा, हा शब्द देशी ‘गोरा’ला जोडून ते सिद्ध झाले असून, पुरती गोरी नव्हे आणि सावळीही म्हणवत नाही अशी मधली कांती त्याने दाखवली जाते. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आणि विसाव्या शतकातील भाषाशुद्धीच्या चळवळीने परके शब्द वेचून काढण्याचा आग्रह धरला, तरी ‘निमसरकारी’, ‘निमशहरी’ यांतला हा ‘निम’ मराठीतून हलला नाही.

माणसाचे रूप लिहून ठेवण्याची निकड लष्करी चाकरीत तीव्रतेने भासली. गणतीच्या दिवशी भाडोत्री माणूस आणि उसने तट्टू उभे करून पगार उचलण्याची लबाडी मोडण्यासाठी अलाउद्दीन खलजीने (1296–1316) शिपायाचा ‘हुलिया’, म्हणजे अंगलक्षणांचे टिपण, आणि घोड्याचा ‘दाग’, म्हणजे डागून उमटवलेली खूण, यांची सक्ती केली व पुढे अकबराने ही व्यवस्था नव्याने बसवली. मोगल दप्तरात ‘चेहरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या टिपणात शिपायाचे व बापाचे नाव, जात आणि ठिकाण लिहून झाले, की रंग, कपाळ, भुवया, डोळे, नाक, दाढीमिशा आणि अंगावरचे व्रण यांची नोंद होई. त्यातील ‘गंदुमी’ रंग म्हणजे मराठीतला गव्हाळ.

‘निमगोरा’ याच कुळीचा शब्द आहे. संस्कृत ‘श्यामल’पासून आलेल्या ‘सावळा’ या शब्दाला विठ्ठलभक्तीने लावण्याची आणि मायेची जी झाक दिली, ती ‘निमगोरा’ला कधी लाभली नाही, कोणत्याही देवाला कोणी निमगोरा म्हटलेले नाही. ओळख पटवणे हेच अशा वर्णनाचे काम असल्यामुळे एकेकाळी ‘तोंडावर देवीचे वण’ ही खूणही त्यात नेहमीची असे, परंतु 1975 नंतर देशातून देवीचा रोगच गेला आणि पुढच्या पिढ्यांच्या वर्णनातून ती खूण आपोआप गळाली.

विवाहाच्या बाजारात मात्र या विशेषणाचा स्वभाव बदलला. स्थळाच्या माहितीत ‘मुलगी निमगोरी’ असे लिहिले जाऊ लागले, तेव्हा नुसती नोंद करणारा शब्द प्रतवारी लावू लागला, आणि त्यात मोठा अन्याय होता. ‘निमकाळा’ असा शब्द मराठीत रुळला नाही, याचे कारण उघड आहे : गोरेपण हे पूर्ण माप धरून उरलेल्या साऱ्या कांती त्याच्या उणेपणाने मोजल्या गेल्या, आणि ज्या मुलींच्या वाट्याला हे अर्धे माप आले त्यांच्या पसंती-नापसंतीचा निर्णय पुष्कळदा त्या एका शब्दावरच झाला.