शिक्षण आहे, मग नोकरी का नाही? मुस्लीम स्त्रियांच्या रोजगारातील अडथळे

पुण्यातील कर्वेनगर म्हणजे जुने हिंगणे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये सुरू केलेला विधवांचा आश्रम १९०० मध्ये इथल्या माळावर एका झोपडीत आला. बाईने शिकावे आणि स्वतःच्या कमाईवर उभे राहावे, ही कल्पना तेव्हा पुण्याला पचणारी नव्हती. आज त्याच परिसरात मुलींचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि तिथली मुलगी नोकरीला लागली याचे कुणाला नवल वाटत नाही. पण तो आश्रम हिंदू विधवांसाठी होता. मुस्लीम मुलीची शाळेपासून नोकरीपर्यंतची वाट वेगळी होती आणि आजही बरीच वेगळी आहे.

किती वेगळी? न्या. राजिंदर सच्चर समितीने २००६ च्या अहवालात हे आकड्यांत मांडले. १५ ते ६४ वयोगटातील साधारण ४४ टक्के भारतीय स्त्रिया काम करत होत्या. मुस्लीम स्त्रियांत हे प्रमाण सुमारे २५ टक्के होते आणि शहरांत तर १८ टक्केच. ज्या काम करत होत्या, त्यांतल्याही सुमारे ७० टक्के घरातूनच करत होत्या. म्हणजे शिवणकाम, भरतकाम, नगावर मिळणारी कामे. अशा कामाला ना नियुक्तीपत्र, ना पीएफ, ना प्रसूती रजा. दर ठरवतो तो माल आणून देणारा मध्यस्थ.

याचे कारण म्हणून शिक्षणाचा अभाव लगेच पुढे केला जातो. महाराष्ट्रात ते पुरेसे पटत नाही. २००१ च्या जनगणनेत राज्यातील मुस्लीम स्त्रियांची साक्षरता सुमारे ७१ टक्के होती, तर राज्यातील सर्व स्त्रियांची ६७ टक्के. (राज्यातले बहुसंख्य मुस्लीम शहरांत राहतात, हेही त्यामागे आहे.) साक्षरता म्हणजे पदवी नव्हे, हे खरेच. तरीही अडचण फक्त वर्गात नाही, एवढे यातून दिसते.

नाव वाचूनच

२०२२ मध्ये लेडबाय फाउंडेशनने एक प्रयोग प्रसिद्ध केला. नोकरीच्या एक हजार जाहिरातींना प्रत्येकी दोन अर्ज पाठवले गेले. पात्रता सारखी, फोटो नाही, फरक नावाचा. एक अर्ज प्रियंका शर्माचा, दुसरा हबीबा अलीचा, दोन्ही नावे काल्पनिक. प्रियंकाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आले, हबीबाला १०३ ठिकाणांहून. बुरखा, भाषा, घरचा विरोध यांपैकी काहीही इथे मध्ये आले नव्हते. मुलाखतीला बोलावण्याआधीच निम्म्या संधी गेल्या होत्या.

महाविद्यालयात कॅम्पस मुलाखती होतात तेव्हा उमेदवार समोर असते आणि महाविद्यालयाचे नाव तिच्या पाठीशी असते. ऑनलाइन अर्जात तसे काही नसते. त्यामुळे चांगल्या महाविद्यालयात प्रवेश मिळणे मुस्लीम मुलीसाठी इतरांपेक्षा जास्त मोलाचे ठरू शकते.

घर आणि अंतर

घरातले अडथळे नाकारण्यात अर्थ नाही. लवकर लग्न, 'बाहेर कशाला' हा प्रश्न, मुलांची जबाबदारी. हे इतर समाजांतही आहे, पण इथे वस्तीची भर पडते. पुण्यातील मुस्लीम वस्ती प्रामुख्याने कॅम्प, पूर्वेकडच्या पेठा आणि कोंढवा इथे. आयटी कंपन्यांचे मोठे केंद्र दुसऱ्या टोकाला, हिंजवडीत. त्यात मुस्लीम नावावर भाड्याने खोली मिळणे अवघड. रोज दोन बस बदलून, अंधार पडल्यावर परतायचे म्हटले की घरचा नकार पक्का होतो.

कमाई नसण्याची किंमत तलाकच्या वेळी कळते. १९७० मध्ये पुण्यातच हमीद दलवाई यांनी स्थापन केलेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाने तोंडी तलाकचा प्रश्न लावून धरला. त्या स्त्रियांसमोर न्यायाइतकाच उद्याच्या जेवणाचाही प्रश्न होता.

कायदा काय म्हणतो?

संविधानाचे कलम १६ सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभावाला मनाई करते. खासगी कंपन्यांना ते लागू होत नाही. भरतीत स्त्री-पुरुष भेद करण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्याने बंदी घातली; धर्माबाबत खासगी भरतीसाठी तसा केंद्रीय कायदा नाही. महाराष्ट्र सरकारने जुलै २०१४ मध्ये अध्यादेश काढून मुस्लिमांना शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण दिले होते. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातील आरक्षणाला मात्र हरकत घेतली नाही. नव्या सरकारने अध्यादेशाचे कायद्यात रूपांतर केले नाही आणि तो संपुष्टात आला.