ठिपक्यांतील देवनागरी

रोमन अक्षराला ५ रुंद व ७ उंच अशी ३५ ठिपक्यांची चौकट पुरते. ‘डॉट मॅट्रिक्स’ छपाईयंत्र त्याच हिशेबाने घडले. आरंभीच्या कित्येक यंत्रांत सुया अवघ्या ९ होत्या. देवनागरीचा संसार मोठा. ‘तुर्की’ हा एकच शब्द घ्यावा : पहिल्या अक्षराला खाली उकार, दुसऱ्याला शिरोरेषेवर वेलांटी आणि रफार. हे सारे ७ ओळींत कोंबले, तर मधला ‘क’ ओळखू येण्याइतकाही उरत नाही.

मुद्रणाची अडचण पूर्वी आली तेव्हा लिपीलाच कात्री लावण्याच्या सूचना झाल्या. सावरकरांच्या लिपिशुद्धीतील ‘अि’, ‘अु’ ही रूपे जुन्या सभासदांना आठवतील. संगणकाच्या बाबतीत मात्र नमते यंत्राने घेतले, ही समाधानाची गोष्ट होय. कानपूरच्या आय.आय.टी.त उगम पावलेले ‘जिस्ट’ तंत्र १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या ‘सी-डॅक’ने वाढविले. त्यात स्मृतीत साठतो तो केवळ वर्णांचा क्रम; जोडाक्षराचा आकार पडद्यावर वा कागदावर उमटताना सिद्ध होतो. छापताना सुयांना एका ओळीवरून पुनःपुन्हा फिरावे लागे, छपाई रेंगाळे. पण अक्षर अभंग राही.

१९९१ च्या ‘इस्की’ प्रमाणाने तर ‘क’ला देवनागरीत व तेलुगूत एकच संकेतांक दिला. ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकावरही दोहोंची कळ एकच. आदिलाबाद जिल्ह्यातील मावला परिसरात, जिथे दोन्ही लिप्या शेजारी नांदतात, तेथील टंकलेखकाला दुसरी लिपी उमटविण्यासाठी बोटांना नवे वळण लावण्याचे कारण उरले नाही.