स्वमग्न प्रौढ आणि नोकरी : मिळण्याइतकेच टिकणे महत्त्वाचे

स्वमग्नता अर्थात ऑटिझम हा बालपणाचाच विषय आहे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. निदान, विशेष शाळा, वाचा-उपचार ही सारी चर्चा मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत चालते आणि मग थांबते. मूल मात्र मोठे होते, अनेकदा पदवीधरही होते. आईवडील थकू लागले की, 'आमच्यानंतर याचे कसे होणार' हा प्रश्न घरात उभा राहतो. काही जणांना तर आपण स्वमग्न आहोत हे तिशी-चाळिशीत, दोन-तीन नोकऱ्या सुटल्यावरच उमगते.

पहिला अडसर मुलाखतीचा. समोरच्याच्या नजरेला नजर देणे, स्वतःविषयी ओघवते बोलणे, प्रश्नामागचा हेतू हेरणे हे सारे मुलाखतीत पाहिले जाते. पद हिशेब तपासनिसाचे असले तरी पारख होते ती संभाषणचातुर्याची. अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील पशुविज्ञानाच्या प्राध्यापक टेम्पल ग्रँडिन स्वतः स्वमग्न आहेत. गुरे हाताळण्याच्या यंत्रणांचे आपण काढलेले आराखडे दाखवून त्यांनी कामे मिळवली. स्वतःला नव्हे, कामाला पुढे करा, असे त्या सांगतात. डेन्मार्कमध्ये थॉर्किल सोने यांनी 2004 मध्ये स्थापन केलेल्या 'स्पेशलिस्टर्न' या कंपनीने रूढ मुलाखतीऐवजी प्रत्यक्ष काम देऊन उमेदवार पारखण्याची पद्धत रुजवली. पुढे 2013 मध्ये 'सॅप' या सॉफ्टवेअर कंपनीने तिच्याशी सहकार्य करून स्वमग्न व्यक्तींच्या भरतीचा कार्यक्रम जाहीर केला.

या उदाहरणांमुळे एक नवा गैरसमजही पसरला : स्वमग्न म्हणजे संगणकातील जादूगार! प्रत्यक्षात कोणाला छपाईची मुद्रिते तपासणे जमते, कोणाला रोपवाटिका, तर कोणाला स्वयंपाकघर. मुंबईत यश चॅरिटेबल ट्रस्टने 2018 मध्ये जुहू येथे 'कॅफे अर्पण' सुरू केले, ते स्वमग्नता व अन्य विकासात्मक अपंगत्व असलेल्या प्रौढांना हाताशी घेऊनच.

काम कोणते, याइतकेच ते कोणत्या परिस्थितीत करावे लागते, याला महत्त्व आहे. खुल्या कार्यालयातील सततचे फोन, डोक्यावरचे लुकलुकणारे दिवे, शेजारच्या टेबलावरील डब्याचा वास याकडे इतरांचे लक्षही जात नाही. स्वमग्न व्यक्तीची निम्मी शक्ती ते सहन करण्यातच खर्ची पडू शकते. त्यात आपल्या कार्यालयांतील सूचनांची तऱ्हा! 'सवडीने बघा' याचा अर्थ कधी 'आजच करा' असतो, तर कधी 'केले नाही तरी चालेल'. शब्दाला शब्द मानून चालणारा कर्मचारी येथे हमखास तोंडघशी पडतो आणि ठपका त्याच्या वृत्तीवर येतो.

शिवाय चारचौघांसारखे दिसण्यासाठी हसणे, गप्पांत सामील होणे, अस्वस्थ हालचाली दाबून ठेवणे हा अभिनय दिवसभर करावा लागतो. वरकरणी सारे सुरळीत दिसते, पण काही महिन्यांनी किंवा वर्षांनी व्यक्ती पार गळून जाते आणि राजीनामा देते. म्हणून नोकरी स्वीकारताना पगाराबरोबर इतर हिशेबही मांडावा : लोकलच्या गर्दीतील प्रवास किती, दिवसातून किती वेळ एकटे बसता येईल, कामाचा क्रम ठरलेला आहे की तासातासाला बदलतो. पूर्ण वेळेची नोकरी वर्षभरात सोडण्यापेक्षा कमी तासांची नोकरी दहा वर्षे करणे केव्हाही श्रेयस्कर. घरच्यांना हे पटवणे मात्र सोपे नसते.

कायद्याची बाजू पूर्वीपेक्षा भक्कम आहे. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो केला. त्यानुसार सरकारी नोकऱ्यांतील 4 टक्के आरक्षणापैकी 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी मिळून आहे. त्याकरिता किमान 40 टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. वाटेकरी इतके असल्याने केवळ या आरक्षणावर विसंबणे धोक्याचे. खासगी आस्थापनांनाही समान संधीचे धोरण जाहीर करणे या कायद्याने बंधनकारक केले आहे. रुजू होण्यापूर्वी ते मागून वाचावे.

आपली स्वमग्नता मालकाला सांगावी का, याचे एकच उत्तर नाही. निदान न सांगताही गरज सांगता येते : 'सूचना लेखी मिळाल्यास माझ्याकडून काम अचूक होते', 'मला कोपऱ्यातील जागा द्यावी'. समंजस वरिष्ठ असल्यास एवढ्याने भागते. मात्र बदली, बढती वा बडतर्फीचा वाद उद्भवल्यास तोंडी सांगितलेले सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून सवलत मागायचीच झाल्यास ती मनुष्यबळ विभागाकडे लेखी मागावी, प्रमाणपत्राची प्रत जोडावी आणि पोच घेऊन ती जपून ठेवावी.