असईचा उतार आणि पॅरिसची गुप्तलिपी

गुप्तलिपी फोडणारं पथक म्हटलं की आपल्यापुढे दुसरं महायुद्ध आणि यंत्रं येतात. आम्ही आज त्याच्या सव्वाशे वर्षं मागे जाणार आहोत. आणि सुरुवात फुलंब्रीकरांच्या ओळखीच्या भोकरदन-असईपासून करू.

सप्टेंबर १८०३. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा अजिंठा घाटाने निजामाच्या मुलखात आलेल्या. आर्थर वेलस्ली मागावर. हरकाऱ्यांनी खबर दिली, मराठ्यांचा तळ भोकरदनला आहे. त्यावरून २१ तारखेला बदनापुरात बेत ठरला: वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांनी दोन वाटांनी जायचं आणि २४ तारखेला एकत्र हल्ला करायचा. पण तळ भोकरदनपासून असईपर्यंत पसरला होता. २३ तारखेला वेलस्ली एकटाच त्याच्यासमोर जाऊन ठेपला.

मध्ये केळना नदी. वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिलं, दोन्ही काठांवर समोरासमोर गावं. त्याने ताडलं की लोक ये-जा करत असणार, म्हणजे उतार असलाच पाहिजे. आणि तो होता! लढाई त्याने जिंकली, पण त्याचे चारशेहून जास्त लोक ठार आणि अकराशेहून जास्त जखमी झाले. अर्धवट खबरेची किंमत ही अशी असते.

पुढे हाच वेलस्ली, म्हणजे वेलिंग्टन, स्पेनमध्ये नेपोलियनच्या फौजांशी लढत होता. तिथले गनिमी लढवय्ये फ्रेंच जासूद पकडून टपाल आणून देत. पत्रांत नुसते आकडे. १८१२ साली वापरात असलेल्या मोठ्या पॅरिस लिपीत सुमारे १४०० आकडे होते. ती उलगडायचं काम जॉर्ज स्कोव्हेल या अधिकाऱ्याकडे होतं. वाटाड्यांचं पथकही त्याच्याच हाताखाली, त्यात अनेक भाषा जाणणारी माणसं. फ्रेंच कारकून कंटाळून अर्धं वाक्य साध्या भाषेत लिहीत, अर्धं आकड्यांत. उघड्या शब्दांवरून स्कोव्हेल झाकलेले शब्द ताडायचा. आता बघा, दोन गावांवरून उतार ओळखण्याचीच ही रीत नाही का?

वेलस्लीची पत्रं छापली गेली, स्कोव्हेलचे कागद जपले गेले. आपल्याकडच्या जासुदांच्या बातम्या मात्र मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे थोडे उरलेत. तेव्हा कुणाच्या माळ्यावर जुनी बाडं असतील, तर मंडळी, रद्दीत घालू नका. आधी जाणकाराला दाखवा.