धारवाडच्या लीला चिटणीस आणि चरित्र अभिनयाची परंपरा

हिंदी बोलपटात चरित्र अभिनय, म्हणजे नायक-नायिकेभोवतीचे आईवडील, सासूसासरे, शेजारी, खलपुरुष यांना जिवंत करणारा अभिनय, हळूहळू स्वतंत्र पेशा म्हणून स्थिरावला. त्यातील आईच्या भूमिकेला ज्यांनी ठाशीव रूप दिले, त्या लीला चिटणीस यांचा जन्म १९०९ साली धारवाडमधील एका मराठी कुटुंबात झाला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि तेथील शिक्षणात व रंगभूमीवर कन्नडबरोबर मराठीचाही राबता होता. इंग्रजीच्या प्राध्यापकाच्या या सुशिक्षित कन्येने रंगभूमीकडे वळणे, हे नटीच्या पेशाकडे संशयाने पाहणाऱ्या त्या काळात धाडसाचेच होते.

१९३३ साली स्थापन झालेल्या ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने स्त्रीभूमिका स्त्रियांनाच देऊन आणि पल्लेदार भाषणांऐवजी घरगुती बोलणे रंगमंचावर आणून मराठी नाटकाला वास्तववादाची, म्हणजे जगण्याशी इमान राखणाऱ्या मांडणीची, वाट दाखवली. याच संस्थेत लीलाबाईंनी काम केले. पुढे वि. स. खांडेकरांच्या कथेवरील ‘छाया’ (१९३६) आणि बॉम्बे टॉकीजचे ‘कंगन’ (१९३९), ‘बंधन’ (१९४०) व ‘झूला’ (१९४१) या चित्रपटांनी त्यांना आघाडीची नायिका केले.

‘शहीद’ (१९४८) मध्ये त्या दिलीपकुमारची आई झाल्या, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. ‘आवारा’ (१९५१) मध्ये तर नवऱ्याने संशयापोटी गरोदरपणी घराबाहेर काढलेली तरुण पत्नी आणि झोपडपट्टीत मुलाला वाढवून थकलेली आई, अशी एकाच स्त्रीची दोन वये त्यांनी साकारली. पडद्यावर त्यांचा मुलगा झालेले राज कपूर त्यांच्याहून पंधराच वर्षांनी लहान होते. ‘गाइड’ (१९६५) मधील आई केवळ सोशीक नाही, विवाहित नर्तकी रोझीला घरात ठेवण्यावरून मुलाशी बिनसल्यावर ती घर सोडून जाते.

हॉलिवूडमध्ये ऑस्करने १९३६ सालच्या चित्रपटांपासून साहाय्यक भूमिकांचा वेगळा सन्मान सुरू केला, तर फिल्मफेअरने तो प्रथम १९५५ मध्ये दिला. म्हणजे ‘शहीद’ आणि ‘आवारा’ प्रदर्शित झाले तेव्हा अशा कामाला तो मान मिळण्याची सोयच नव्हती. १९८१ साली ‘चंदेरी दुनियेत’ हे आत्मचरित्र लिहिणाऱ्या लीलाबाईंचे २००३ मध्ये अमेरिकेत निधन झाले. नायकांच्या नावाने लिहिल्या जाणाऱ्या चित्रपटेतिहासात त्यांना आदराचे स्थान मिळायला हवे, कारण त्या नायकांचे दुःख प्रेक्षकांना खरे वाटले, त्यात समोर उभ्या असलेल्या या आईच्या अभिनयाचा मोठा वाटा होता.