मिडल्झबरो : व्हिक्टोरियन काळातील जन्मदर व लोकसंख्यावाढ

इंग्लंडच्या ईशान्य भागात, टीझ नदीच्या दक्षिण तीरावर वसलेले औद्योगिक शहर. १८०१ च्या जनगणनेत येथे अवघी २५ माणसे होती. १९०१ मध्ये ९१,३०२. व्हिक्टोरिया राणीच्या ब्रिटनमध्ये इतक्या झपाट्याने वाढलेली गावे थोडीच.

१८२९ मध्ये जोसेफ पीझ व त्याच्या क्वेकर भागीदारांनी कोळशाच्या बंदरासाठी येथे सुमारे ५०० एकर जमीन घेतली; पुढच्याच वर्षी स्टॉक्टन-डार्लिंग्टन लोहमार्ग इथवर आला. १८४१ मध्ये बोल्को व वॉन यांचा लोखंडाचा कारखाना उभा राहिला. १८५० मध्ये जवळच्या एस्टन टेकड्यांत लोहखनिजाचा जाड थर सापडला आणि वीस वर्षांत वस्ती साडेसात हजारांवरून चाळीस हजारांच्या घरात गेली.

ही वाढ आधी पाळण्याने नव्हे, वाटसरूंनी केली. यॉर्कशर, डरम, वेल्स आणि आयर्लंडमधून तरुण मजूर भट्ट्यांवर कामाला आले. १८७१ मध्ये आयर्लंडमध्ये जन्मलेल्यांचे प्रमाण इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या खालोखाल येथेच होते. स्त्रियांपेक्षा पुरुष जास्त आणि म्हातारी माणसे कमी, अशी ही वस्ती. त्यामुळे दरहजारी जन्मदराचा आकडा येथे जपूनच वाचावा लागतो. वृद्ध थोडे असले की तो फुगतो, पुरुष जास्त असले की दबतो. शिवाय जन्मनोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली, तरी ती न करणाऱ्याला दंड बसू लागला १८७५ पासून. त्याआधीची कित्येक बाळे कागदावर आलीच नसतील.

तरीही येथे घरोघरी मुले पुष्कळ होती, हे निर्विवाद. भट्टीवर बाईला काम नव्हते. मुलींची लग्ने लवकर होत आणि बाळंतपणे एकामागून एक येत. ब्रॅडफर्डसारख्या कापडगिरण्यांच्या गावात बायका स्वतः कमावत. तेथे लग्ने उशिरा होत आणि कुटुंबे लहान राहत. इंग्लंडचा जन्मदर १८७६ मध्ये हजारी ३६ च्या आसपास पोचून उतरू लागला. पण लोखंड-कोळशाच्या गावांत ही उतरण उशिरा पोचली. गिरणी आणि भट्टी यांतला हा फरक मला धर्म किंवा रीतिरिवाजांपेक्षा जास्त बोलका वाटतो.

ब्रिटिश राजकारणी ग्लॅडस्टनने १८६२ मध्ये या गावाला बाळ हर्क्युलीसची उपमा दिली. उपमेतले बाळ बळकट होते. येथली खरी बाळे तशी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशभरात हजारी दीडशेच्या आसपास अर्भके वर्षाच्या आत दगावत, आणि दाटीच्या, धुराच्या वस्त्यांत त्याहून अधिक. कारखानदार ह्यू बेल यांच्या पत्नी फ्लॉरेन्स बेल यांनी सहकाऱ्यांसह कामगारांच्या शेकडो घरी जाऊन चौकशी केली. १९०७ च्या त्यांच्या 'अॅट द वर्क्स' या पुस्तकात आयांना झालेली मुले आणि त्यांतली गेलेली मुले शेजारीशेजारी मोजलेली आहेत.